बोटानं दाखवलेलं धरत नाही

माझ्या तोंडातले समोरचे चार दात त्यांच्या हातचे आहेत. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध बोलायचं तर मला त्यांचेच दात वापरावे लागतात, आणि गेली कित्येक वर्षं मी ते मनसोक्त वापरतो आहे.

आमच्या पूल हॉलमध्ये त्यांना सगळे पंच म्हणायचे. दुकानात ते कवळीवाले. दुकान हॉलच्याच रस्त्यावर, एका अरुंद गाळ्यात. पुढे काउंटर, मागे कामाचं बाक, बाकावर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायचा दिवा आणि कवळ्या घासायचं चाक. चाक सुरू झालं की गुलाबी भुकटी उडायची आणि बाकावर बसलेल्याच्या भुवयांवर जाऊन बसायची. बसलेला असायचा त्यांचा मुलगा. तिशी उलटलेला, लग्न झालेला बाप्या, पण पंच त्याला गिऱ्हाइकांसमोर "ए, मेण आण" म्हणून हाक मारायचे आणि तो मुकाट्यानं मेण आणायचा.

मुकाट्यानं हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. मुलगा अडखळत बोलायचा. पहिलं अक्षर तोंडात अडकायचं, मान ताठ व्हायची, डोळे घट्ट मिटायचे, आणि समोरचा माणूस दयाळू असेल तर घड्याळाकडे न बघता थांबायचा. आई होती तोवर ती त्याचं वाक्य पुरं करायची. पंचांना ते खपायचं नाही. "त्याचं त्याला बोलू दे. कुबड्या दिल्या की पाय लुळे पडतात," असं ते तिला चारचौघांत सुनवायचे. ती गेल्यावर कुबड्या आपोआप गेल्या. पाय काही सुधारले नाहीत.

दुकानाचा एक नियम होता आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावाच लागायचा. कवळी आधी मेणात बसवतात. ती मेणाची कवळी तोंडात घालून बघायची, कुठे टोचतं, कुठे दाबतं ते सांगायचं. मग ती ओल्या प्लास्टरच्या साच्यात जाते आणि मेणाच्या जागी पक्का माल भरला जातो. "मेणात आहे तोवर बोला," पंच बोट वर करून सांगायचे. "पक्की झाली की तक्रार नाही." माझ्या दातांच्या वेळी मी संकोचानं गप्प बसलो आणि पुढे कितीतरी महिने खालचा ओठ चावत राहिलो. तक्रार घेऊन गेलो तर म्हणाले, "विचारलं होतं तेव्हा तोंड होतं ना तुम्हाला?" घासायच्या चाकावर दोन क्षणांचं काम होतं. केलं नाही ते नाहीच.

असा माणूस हॉलमध्ये पंच झाला तो कुणी निवडून दिला म्हणून नव्हे. नियमांचं पुस्तक आमच्यात एकट्या त्यांनीच वाचलं होतं आणि बाकीच्यांना भांडायचा कंटाळा होता, एवढंच. हॉलच्या मालकालाही बरं वाटायचं, कारण पंच चहा सोडून काही घ्यायचे नाहीत. उंच स्टुलावर ताठ बसायचे, हात मांडीवर, नजर टेबलावर. निर्णय देताना 'बरोबर-चूक' असं कधी म्हणायचे नाहीत. 'वैध' किंवा 'अवैध' म्हणायचे, आणि तेही अशा आवाजात की हरलेल्याला वाटावं आपल्याला शिक्षा झाली.

आता सगळं भांडण ज्या नियमावरून झालं तो सांगायला हवा. पूलमध्ये चेंडू पॉकेटमध्ये घालता येत नसेल तेव्हा माणूस सेफ्टी खेळतो. म्हणजे आपण काही मिळवायचं नाही, पण चेंडू अशा जागी ठेवायचे की पुढच्याचीही पंचाईत व्हावी. मात्र नुसतं टुचकन ढकलून पळता येत नाही. पांढऱ्यानं, म्हणजे काठीनं मारायच्या चेंडूनं, आपल्या चेंडूला शिवलं की त्यानंतर कुठला तरी एक चेंडू टेबलाच्या कडेला, म्हणजे कुशनला, जाऊन लागलाच पाहिजे. नाही लागला तर फाउल. फाउल झाला की पुढचा गडी पांढरा हातात उचलतो आणि हवा तिथे ठेवून खेळतो. जाणत्या खेळाडूच्या हातात पांढरा देणं म्हणजे घराची किल्ली देण्यासारखंच.

पण चेंडू आधीपासूनच कुशनला चिकटून बसला असेल तर? त्याला कडेकडेनं बोटभर सरकवलं, तर तो कुशनला लागला म्हणायचा की नाही? पुस्तक म्हणतं, चेंडू चिकटलेला आहे असं शॉटच्या आधी जाहीर झालं असेल तर तेवढं सरकणं पुरत नाही, फाउल धरायचा. जाहीर झालं नसेल तर चेंडू चिकटलेला नव्हताच असं समजायचं आणि शॉट वैध. सगळ्या हॉलला डोळ्यांनी दिसत असलं तरीही.

एका दुपारी हे झालं. मुलगा हॉलमध्ये येणाऱ्या एका टॅक्सीवाल्याशी खेळत होता. हॉलमध्ये तो यायचा तो फक्त खेळायला, आणि खेळायला लागला की बघत राहावं असं खेळायचा. जिभेला जे जमलं नाही ते सगळं त्याच्या मनगटात उतरलं होतं. चेंडू कुशनला चिकटलेला. टॅक्सीवाला खाली वाकला तसं मुलानं चेंडूकडे बोट दाखवलं आणि "चि... चि..." सुरू केलं. टॅक्सीवाल्यानं शॉट मारून टाकला. फाउल की नाही यावरून गदारोळ झाला. मुलानं बोट दाखवलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. पण पुस्तकात 'जाहीर' म्हणजे नक्की कसं, ते लिहिलेलं नव्हतं.

पंच म्हणाले, "विचार करून खुलासा देतो." आणि खरोखर विचार करून आले. हॉल भरलेला असताना स्टुलावरून उतरून उभे राहिले.

"जाहीर करणं म्हणजे तोंडानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. सगळे चेंडू थांबल्यावर आणि शॉटच्या आधी. बोटानं दाखवलेलं धरत नाही."

"आणि पंचानंच सांगितलं तर?" मी विचारलं. "पुस्तकात पंचही जाहीर करू शकतो म्हणतात."

"करू शकतो म्हटलंय. केलंच पाहिजे असं नाही म्हटलेलं. या हॉलचा पंच आपणहून सांगणार नाही. सांगितलं तर एका बाजूला मदत होते."

टॅक्सीवाला बिचारा, निकाल त्याच्याच बाजूनं लागलेला असूनही, म्हणाला, "पण पंच, ज्याला बोलायला वेळ लागतो त्यानं काय करायचं?"

"त्यानं लवकर सुरुवात करावी."

हसू पिकलं. मुलगा तिथेच उभा होता, हातात निळा खडू. त्यानं काठीच्या टोकाला खडू लावला, मग पुन्हा लावला, आणि लावतच राहिला.

त्या खुलाशानंतर आमच्या हॉलमध्ये सेफ्टीचा एक नवाच प्रकार जन्माला आला. मुलाशी गाठ पडली की लोक चेंडू कुशनला चिकटवायचे आणि मग घाई करायचे. यात सगळ्यांत तरबेज निघाला ड्रायव्हिंग स्कूलवाला. मुलाला 'गिअर' हे नाव त्यानंच ठेवलं. "याचा पहिलाच गिअर अडकतो," असं म्हणून तो दिवसभर स्वतःवर खूश राहिला होता. तो टेबलाभोवती रमतगमत फिरायचा, मुलाकडे बघायचा, आणि मुलाची मान ताठ झाली रे झाली की झटकन वाकून मारून मोकळा. स्टुलावरून आवाज यायचा, "वैध."

मुलाच्या बायकोनं डोकं लढवलं. ती एका दवाखान्यात फोन घेण्याचं काम करायची, दिवसभर बोलून बोलून तिला कळलं होतं की कुठलं अक्षर कुणाला जड जातं. 'च' त्याला फार जड. 'ल' त्यामानानं हलका. "चिकटलाय म्हणायचंच कशाला?" ती म्हणाली. "लागलाय म्हण." आठवडाभर ती दोघं स्वयंपाकघरात सराव करत होती. आणि एका खेळात मुलगा जवळजवळ न अडखळता म्हणाला, "लागलाय." मला स्वतःलाच एकदम मोकळं वाटलं.

"काय लागलाय?" पंच म्हणाले. "पांढरा लागलाय, की कुशनला लागलाय? संदिग्ध आहे. धरत नाही."

इथे मला माझा संताप लपवायचा नाही. मी पंचांना बाहेर गाठलं आणि म्हटलं, "अहो, तुमचा पोटचा पोरगा आहे तो." तर हा माणूस माझ्याकडे शांतपणे बघून म्हणाला, "म्हणूनच. उद्या कुणी बोट दाखवायला नको की पंचानं घरचा माणूस सांभाळला." त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. मी खूप निर्दय माणसं पाहिली आहेत, पण निर्दयपणाचा असा स्वच्छ इस्त्री केलेला सदरा घालून फिरणारा हा एकच.

मग ती नोकरी आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवीन क्रीडा केंद्र झालं होतं, आठ टेबलांचं. त्यांना शिकवणारा हवा होता. त्यांचा व्यवस्थापक येऊन बसला, मुलाचा खेळ पाहिला आणि म्हणाला, "तुमच्या हॉलची स्पर्धा जो जिंकेल त्याला घेऊ." कुणीतरी बोलण्याचा विषय काढलाच. तो म्हणाला, "आम्हाला हात हवेत. बोलायला पोरं पुष्कळ आहेत." नोकरीबरोबर केंद्राच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्याही होत्या. सून जाऊन त्या बघून आली. तिनं मला सांगितलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून झाड दिसतं आणि भिंतींवर कसलीही भुकटी नाही. ती हे सांगताना हसत होती, आणि तिला मी हसताना क्वचितच पाहिलं होतं.

मुलगा एकेक गडी गारद करत अंतिम फेरीत आला. समोर ड्रायव्हिंग स्कूलवाला. त्याला नोकरी नको होती, पण हरायचंही नव्हतं.

सामन्याच्या सकाळी सून काउंटरपाशी उभी राहिली. मी माझी दातांची तडकलेली प्लेट जोडायला नेली होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, एक मागते. चेंडू चिकटला तर तुम्ही सांगा. दोघांच्याही वेळी सांगा. हे चुकले तर यांच्यावरही फाउल द्या. नियमात बसतं ना?"

"बसतं."

"मग?"

"खुलासा दिलाय, सूनबाई. दिलेला खुलासा मी घरच्या माणसासाठी फिरवू?"

"मग आज पंच दुसऱ्या कुणाला होऊ द्या."

पंचांनी हातातली कवळी खाली ठेवली. "का? माझ्यावर विश्वास नाही?"

मुलानं मागून तिला हात दाखवून थांबवलं. चाक सुरू केलं. त्या आवाजात पुढचं काही बोलताच येत नव्हतं.

सामना चुरशीचा झाला. बरोबरी होऊन शेवटचा डाव आला आणि त्या डावातही टेबलावर दोनच चेंडू उरले, पांढरा आणि काळा. जो काळा घालेल तो जिंकेल. काळा लांब कुशनला मधोमध चिकटलेला. पाळी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची. त्याला तो घालता येण्यासारखा नव्हताच. एकच वाट होती, काळ्याला हलकेच टेकवून पांढरा तिथेच त्याच्याशेजारी थांबवायचा. चिकटलेला म्हणून जाहीर झालं तर तो फाउल, पांढरा मुलाच्या हातात, आणि दोन खोल्या, खिडकी, झाड सगळं त्याचं.

मुलगा एक पाऊल पुढे आला. त्यानं बोट काळ्यावर रोखलं. मान ताठ झाली.

"चि... चि..."

ड्रायव्हिंग स्कूलवाला वाकला. एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं, की वाकून तो क्षणभर थांबला. त्यानं मान वळवून स्टुलाकडे पाहिलं. आता तरी म्हातारा बोलेल, असं त्यालाही वाटलं असावं. आम्ही सगळेच तिकडे बघत होतो. सून भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ तो शब्द आवाज न करता पुरा करत होते.

"चि... चि... चि..."

पंच टेबलाकडे बघत होते. हात मांडीवर.

काठी हलली. काळा कडेकडेनं बोटभर सरकला आणि थांबला. पांढरा त्याच्या पाठीशी येऊन बसला.

"...कटलाय," मुलगा म्हणाला. स्पष्ट, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"शॉटनंतर," पंच म्हणाले. "वैध."

मुलानं त्या अशक्य जागेवरून प्रयत्न केला. काळा कुशन सोडून आला, कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी डगमगला आणि तिथेच बसला. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं तो टिचकी मारावी तसा आत घातला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. क्रीडा केंद्राचा व्यवस्थापक टोपी घालून निघून गेला. पंच स्टुलावरून उतरले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाले, "आता या हॉलच्या पंचाबद्दल कुणी ब्र काढू शकणार नाही." मुलानं तो हात काढला नाही. हात आपोआप गळून पडेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

त्यानंतर तो हॉलमध्ये आला नाही आणि बापाशी बोलला नाही. कामापुरतं डोकं हलवायचा. पंच म्हणायचे, "बरं झालं, खेळाचं खूळ गेलं. कामात लक्ष लागतंय." लक्ष लागत होतं खरं. वर्षभरात तो बापापेक्षा सरस कारागीर झाला. तोंडात बसली की विसरून जावं अशी कवळी करायचा. मेणाच्या वेळी प्रत्येक गिऱ्हाइकाला वाट्टेल तितका वेळ द्यायचा. आणि वर पक्की झाल्यावर कुणी तक्रार घेऊन आलं, तर बाप जवळ नाही असं बघून चाकावर गुपचूप घासून द्यायचा. माझा ओठ वाचला तो असाच.

मग पंचांचेच दात गेले. उरलेसुरले एका आठवड्यात काढावे लागले. स्वतःच्या तोंडाचं माप स्वतःला घेता येत नाही, तेव्हा कवळी मुलानंच करायची हे ठरलेलं. मेणाची कवळी बघायच्या दिवशी मी काउंटरपाशी बसलो होतो. सून दवाखान्यातून येऊन उभी होती.

पंच खुर्चीत, गळ्यात टॉवेल. मुलानं वरची खालची दोन्ही मेणाची बसवली आणि जबडा मिटून धरायची खूण केली. मेण मऊ असतं, तोंड हललं की दात सरकतात, सगळं माप बिघडतं. हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलानं शेजारी ओलं प्लास्टर कालवून ठेवलं होतं. ते घट्ट व्हायला लागलं होतं.

मग कितीतरी महिन्यांनी तो बापाशी बोलला.

"टो... टो... टोचतंय का?"

पंचांचे डोळे पाण्यानं भरले होते. खालून डावीकडे रुतत असणार. तोंड मिटलेलं ठेवूनच त्यांनी डाव्या गालावर बोट ठेवलं. मग ते बोट जोरानं दाबून दाखवलं. घशातून काहीतरी "ऊं... ऊं..." आलं.

मुलानं त्या बोटाकडे पाहिलं. नीट, वाकून पाहिलं. कुठे रुततंय, किती रुततंय, त्याला सगळं कळलं होतं. तसं तोंड त्यानं शेकड्यांनी पाहिलं होतं. मेणात नखानं खरवडलं असतं तरी पुरलं असतं.

"बो... बोटानं दाखवलेलं," तो म्हणाला, आणि थांबला. घाई त्याला मुळीच नव्हती. "ध... धरत नाही, बाबा."

त्यानं दोन्ही मेणं काढून घेतली आणि प्लास्टरमध्ये दाबली.

पंचांचं तोंड रिकामं झालं होतं. आता ते बोलू शकत होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि बिनदातांच्या हिरड्यांतून "डा... डा..." असं काहीतरी आलं. सून पुढे झाली. "अहो, काढा ते, अजून ओलं आहे," ती नवऱ्याला म्हणाली. मुलगा साच्यावर तळहात दाबून उभा राहिला आणि बापाकडे बघत राहिला. तो वाट बघत होता असं मला वाटतं. बाप 'काढ' म्हणाला असता तर त्यानं काढलं असतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. तिऱ्हाईत माणूस बसला होता, त्याच्यासमोर नियम फिरवायचा कसा? त्यांनी टॉवेलनं हनुवटी पुसली. पाठ ताठ केली.

"वैध," ते म्हणाले.

ती कवळी ते आजही घालतात. स्टुलावर बसताना डावा गाल हातानं धरून बसतात. निर्णय दिला की शब्दांतून शीळ वाजते आणि नवी पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारतात. चाक बाकावर जिथल्या तिथे आहे. पण पंच कवळी तोंडातून काढून देत नाहीत आणि मुलगा मागत नाही. सून एकदा म्हणाली, "बाबा, द्या इकडे, मी सांगते त्यांना." तर म्हणाले, "पक्की झाली की तक्रार नाही."

तीच मला सांगते की घरी जेवायला तिघं एकत्र बसतात. पंच सगळं पाण्यात भिजवून उजव्या बाजूनं गिळतात आणि मध्येच डोळे मिटून थांबतात. मुलगा समोर बसलेला असतो. तो त्यांच्या डाव्या गालाकडे बघत सावकाश जेवतो, आणि त्यांचं होईपर्यंत ताटावरून उठत नाही.